दुबईतल्या दादांना, आमच्या सगळ्या घराकडून

दादा, नमस्कार.

नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत म्हणून नुसतं दादा लिहितोय, पण आभार मात्र चारचौघात मानणार आहे. आपल्या चिपळूण, खेड, दापोलीकडची कितीतरी माणसं गल्फला आहेत, त्यांच्या घरच्यांनी पण हे वाचावं असं मनापासून वाटतं.

काका दुबईत कंपनीच्या कामगार कॅम्पवर रात्री झोपेतच गेले. रूमवरच्या मुलाचा फोन आला तेव्हा घरात कोणाला काही सुचेना, काकू तर भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. आमच्यातल्या कोणाकडे पासपोर्ट नाही, दुबई फक्त फोनवर बघितलेली. दुपारपर्यंत कंपनीचा सुपरवायझर बोलला की बॉडी पाठवायला बराच खर्च येतो, घरून काही जमतंय का बघा, आणि संध्याकाळी कोणी एजंट फोन करून म्हणाला की पैसे पाठवा, दोन दिवसात सगळं करून देतो. आम्ही सोनं गहाण टाकायला निघालोच होतो. तेवढ्यात त्या रूमवरच्या मुलाने तुमचा नंबर मिळवून दिला आणि तुमचं पहिलंच वाक्य होतं, "कोणाला एक रुपया पाठवू नका, आधी माझं ऐका."

मग तुम्ही शांतपणे, आपल्या मालवणी हेलात समजावलंत की २०२१ च्या तिथल्या कामगार कायद्यात लिहिलेलं आहे, कामगार वारला आणि घरच्यांनी मागणी केली तर मृतदेह गावी पाठवायचा खर्च कंपनीने करायचा, आणि त्याचा राहिलेला पगार, हिशोब दहा दिवसांच्या आत घरच्यांना द्यायचा. हे आम्हाला कोण सांगणार होतं हो? कंपनीने हात वर केलेच तर आपल्या कॉन्सुलेटकडे २००९ पासून चालू असलेला वेल्फेअर फंड आहे, गरजू माणसाची बॉडी त्यातून पाठवता येते, तेव्हा मृतदेह पैशासाठी अडकणार नाही, हे तुम्ही काकूंना स्वतः फोनवर सांगितलंत. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा दोन घास खाल्ले.

कागदांची एवढी साखळी असते हे आम्हाला माहीतच नव्हतं. माणूस रूमवर गेला म्हणून आधी पोलीस, मग त्यांचा रिपोर्ट, मग डेथ सर्टिफिकेट, मग कंपनीने व्हिसा कॅन्सल करायचा, मग कॉन्सुलेटमध्ये मृत्यूची नोंद करून पासपोर्ट रद्द करून घ्यायचा आणि बॉडी न्यायला हरकत नाही अशी एनओसी, मग दुबईतल्या मुहैस्नाला एम्बामिंग, म्हणजे बॉडी टिकावी म्हणून औषध भरणं, मग कार्गोचं बुकिंग. यातला एक कागद मागे राहिला की पुढचं सगळं थांबतं. आणि तुम्ही स्वतःची ड्युटी सांभाळून दुपारच्या उन्हात या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरलात, प्रत्येक कागद झाला की फोटो टाकायचा आणि खाली एका ओळीत हा कशाचा आहे ते मराठीत लिहायचं. त्या एका ओळीने आम्हाला किती धीर दिला ते सांगता येत नाही. कॉन्सुलेटच्या खिडकीवरच्या मॅडमनाही आमचे आभार सांगा, तुम्ही म्हणालात की त्यांनी कागद हातात घेऊन तिथेच तपासले, परत या म्हणाल्या नाहीत.

मधे नातेवाईकांपैकी कोणी म्हणालं की तिकडेच करून टाका. तुम्ही कुठलीही बाजू घेतली नाहीत, जेबेल अलीला हिंदू स्मशान आहे, तिथे व्यवस्थित विधी होतात, पण काकूंना विचारा, हा निर्णय त्यांचा, एवढंच म्हणालात. हे विचारणारे तुम्ही पहिले. काकूंना त्यांना बघायचं होतं. मुंबईला सहार विमानतळाच्या कार्गोला कोणी यायचं, आधार न्यायचं, ॲम्ब्युलन्स आधी ठरवायची, हेसुद्धा तुम्ही तिकडून सांगितलंत आणि गाडी कशेडी उतरेपर्यंत तुमचे फोन चालूच होते.

अजून एका गोष्टीसाठी आभार, तुम्ही आम्हाला कधी खोटी आशा दाखवली नाहीत. काकांचा पासपोर्ट ईसीआरवाला, म्हणजे कामाला जायला सरकारी परवानगी लागणारा, त्यामुळे अशा कामगारांच्या प्रवासी भारतीय बीमा योजनेचे दहा लाख मिळतील असं गावात सगळे बोलत होते, तुम्ही सरळ सांगितलंत की ते अपघाती मृत्यूला असतात, हार्ट अटॅकला नाही, त्यावर विसंबू नका. पण ग्रॅच्युइटी मात्र हक्काची आहे म्हणालात आणि हिशोब करून पाठवलात, पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार आणि त्यापुढच्या वर्षांना ३० दिवसांचा. कंपनीचा आकडा आधी कमी आला होता. तुमचा कागद पुढे केल्यावर पूर्ण रक्कम काकूंच्या खात्यात आली. त्यातनं धाकटीची फी भरली.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी आता मी वाडीत प्रत्येक जाणाऱ्याला सांगतो. व्हिजिट व्हिसावर कामाला जायचं नाही, कारण मग काही झालं तर ना करार ना हक्क. ईसीआरवाल्याने सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरूनच जायचं आणि विमा संपला की रिन्यू करायचा. पासपोर्ट कंपनी ठेवून घेत असेल तर तिथे तो गुन्हा आहे हे माहीत असू द्यायचं. पासपोर्ट, व्हिसा, कराराच्या झेरॉक्स घरी ठेवायच्या, आमच्याकडे काकांच्या पासपोर्टची झेरॉक्स डब्यात होती म्हणून किती कामं पटापट झाली ते तुम्हीच बघितलंत. आणि यूएईतला ८०० ४६३४२ हा आपल्या लोकांसाठीचा फुकट नंबर, तो तर मी देवळाच्या बोर्डवरच लावलाय.

काकूंनी तुमच्यासाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, पुढच्या महिन्यात गावचा एकजण शारजाला येतोय त्याच्याकडे देतो, पैसे घेत नाही तर निदान हे तरी घ्या. आणि दादा, शेजारचा पोरगा दोहाला निघालाय, त्याचं ऑफर लेटर तुम्हाला व्हॉट्सॲपला टाकलंय. पगार एजंट तोंडी वेगळा सांगतोय आणि कागदावर वेगळा आहे. वेळ मिळेल तेव्हा बघून सांगा, तोपर्यंत त्याला सही करू देत नाही.

तुमचा,
काकांचा पुतण्या, चिपळूण