सहलींच्या आधी काय घडले?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत नाझी जर्मनीतील कामगारांच्या सहलींवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. 'हुकूमशाही होती खरी, पण साध्या कामगाराला समुद्रसफर घडली' हा त्याचा सूर मला अजिबात मान्य नाही. हिटलरने १ मे १९३३ रोजी कामगारांना भरपगारी सुट्टी दिली आणि दुसऱ्याच दिवशी देशभरातील कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना अटक केली, याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही. संघटनांचा पैसा व मालमत्ता नाझी नेता रॉबर्ट लायच्या 'जर्मन कामगार आघाडी'कडे गेली आणि त्याच आघाडीने नोव्हेंबरात 'आनंदातून शक्ती' ही सहली-खेळ-नाटकांची योजना काढली. म्हणजे आधी कामगाराचा संपाचा हक्क गेला, मग बोटीचे तिकीट आले.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात २८ वर्षे लेथवर काम केले. ज्या महिन्यात आमच्या युनियनच्या खोलीला कुलूप लागले, त्याच महिन्यात व्यवस्थापनाने महाबळेश्वरची सहल काढली. प्रत्येक बसमध्ये एक सुपरवायझर होता, जाताना आणि येताना हजेरी घेतली गेली, आणि बोनसचा विषय काढणाऱ्या माझ्या शेजाऱ्याला सोमवारी रात्रपाळी मिळाली. आमचा मालक हुकूमशहा नव्हता, आम्ही पुढे न्यायालयात जाऊ शकलो. जर्मन कामगाराला ती वाटही उरली नव्हती. त्यांच्या सहलींवर गुप्त पोलिसांचे हेर प्रवासी बनून असत, हे वाचले तेव्हा मला ती बस आठवली.

लेखातील स्वस्त मोटारीचे कौतुकही अर्धवट आहे. ९९० मार्कांच्या त्या गाडीसाठी कामगार दर आठवड्याला किमान ५ मार्कांचे बचतीचे तिकीट घेऊन कार्डावर चिकटवत होता. सुमारे ३,३६,००० लोकांनी अशी बचत केली, पण युद्ध सुरू होताच कारखाना लष्करी वाहने बनवू लागला आणि त्यांच्यापैकी एकालाही नाझी राजवटीत गाडी मिळाली नाही.

बोटीवरच्या हसऱ्या कामगारांचे छायाचित्र छापताना, अशी चित्रे त्या राजवटीने प्रचारासाठीच काढून घेतली होती, एवढे तरी खाली लिहायला हवे होते. गेल्या कामगार दिनी मी पाठवलेल्या पत्राची पोचही मिळाली नाही. निदान हे पत्र काटछाट न करता छापावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त कामगार, पिंपरी