तुम्ही पेनाला टोपण लावलंत, त्याबद्दल

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण माझ्यासारखे कितीतरी नवरे आज कुठल्यातरी दवाखान्यात बायकोच्या शेजारी गप्प बसलेले असतील, त्यांच्याही नजरेस पडावं म्हणून असं उघड लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. माझंही लिहीत नाही, कारण आईला अजून सगळं सांगितलेलं नाही.

परवा पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. ही तिथेच रडायला लागली. मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो. आणि त्या जिन्यात मला आठवलं ते तुमचं निळं पेन.

तुमच्याकडे आलो तेव्हा हिची फाईल चार बोटं जाड होती. दोन वेळा राहिलं आणि दोन्ही वेळा सातव्या-आठव्या आठवड्यात गेलं. त्यानंतर रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, स्त्रीबीजांचा साठा सांगणारी एएमएच, दर महिन्याच्या सोनोग्राफ्या. गर्भनलिका, म्हणजे ट्यूब, बघायची ती एचएसजी तर दोनदा झाली. दुसऱ्या वेळी ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि मी तिच्या हातात नारळपाण्याचं शहाळं दिलं होतं. तेवढंच काय ते माझं योगदान.

आधीच्या त्या मोठ्या हॉस्पिटलबद्दल माझ्या मनात अजून राग आहे, तो लपवत नाही. दीड वर्ष आम्ही तिथे जात होतो. हिला विचारलं, पाळी कधी आली, वजन का वाढलं, लहानपणी टीबी झाला होता का, घरात कुणाला मधुमेह आहे का. मला विचारलं, ‘नोकरी कुठे?’ झालं. माझं वीर्याचं सॅम्पल तपासायचं सुचलं तेही दीड वर्षाने. शुक्राणूंचा काउंट मिलीलीटरमागे 90 लाख आला. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली घालून दिलेली खालची रेघ 1 कोटी 60 लाखांची आहे. त्यांनी रिपोर्टवर नजर टाकली, तीन महिन्यांच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि पुढच्या भेटीत आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, पॅकेजचा कागद पुढे सरकवला. काउंट कमी का आहे, हा प्रश्न त्या खोलीत कुणीच विचारला नाही. मीही तोंड उघडलं नाही, ही चूक माझीच आहे. पण ज्यांनी विचारायचं त्यांनी विचारलं असतं तर हिची दुसरी एचएसजी कदाचित टळली असती, असं मला रोज वाटतं.

मी गांजा ओढायचो. हॉस्टेलला लागला, नोकरीत टिकला. आधी शनिवारी मित्रांबरोबर, मग रोज रात्री गच्चीवर एकटाच, झोप लागावी म्हणून. ‘झाड आहे रे, केमिकल थोडंच आहे’ असं आमचं सगळ्यांचं ठरलेलं होतं. ‘दारूपेक्षा बरा.’ हिला ‘कधीतरी’ एवढं माहीत होतं. रोज हे माहीत नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी हिला सिस्टरबरोबर बीपी आणि वजन करायला पाठवलंत. ते मुद्दाम होतं हे मला फार नंतर कळलं. मग माझा रिपोर्ट वाचलात, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. सिगारेट विचारलीत, दारू विचारलीत, लिहून घेतलंत. आणि मग पेनाला टोपण लावलंत. टक् असा आवाज आला. पेन केस पेपरवरून उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅलेंडरजवळ ठेवलंत, हात मोकळे केलेत आणि विचारलंत, ‘गांजा?’

मॅडम, गांजा जवळ बाळगणं 1985 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला पाठ होतं. हा शब्द कागदावर आला की संपलं, या भीतीने मी प्रत्येक डॉक्टरसमोर घट्ट मिटून बसायचो. तुम्ही काही आश्वासन दिलं नाहीत, ‘घाबरू नका’ म्हणाला नाहीत. नुसतं पेन लांब ठेवलंत. तेरा वर्षांत पहिल्यांदा मी ‘रोज’ हा शब्द मोठ्याने उच्चारला. तुम्ही मागे सरकला नाहीत, चेहरा बदलला नाहीत. ‘जेवलात का’ विचारावं तशा आवाजात विचारलंत, ‘शेवटचा कधी?’

‘काल रात्री.’

‘बरं.’

त्या ‘बरं’ने माझ्या पाठीवरचं काहीतरी उतरलं.

माझे आजोबा गावात पोस्टमन होते. कुणाच्या घरी वाईट तार असली की ते दारात चप्पल काढायचे, ओट्यावर टेकायचे आणि आधी पाणी मागायचे. पाणी देईपर्यंत घरातलं माणूसही बसायचं. मग ते तार वाचायचे. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पोस्टाच्या नियमातही नव्हतं. तुमच्यात मला तेच दिसलं. समोरच्याला आधी बसू द्यायचं, मग खरं बोलायचं.

आणि तुम्ही खरंच खरं बोललात. फोनमध्ये एक बातमी मी जपून ठेवली होती, तीही तुम्हाला दाखवली: बोस्टनचा 2019 चा अभ्यास, 662 पुरुषांचा, ज्यात कधीतरी गांजा ओढलेल्यांचे शुक्राणू न ओढणाऱ्यांपेक्षा जास्तच निघाले होते. तुम्ही ती झटकून टाकली नाहीत. म्हणालात, हो, तोही अभ्यास आहे, आणि डेन्मार्कचा 2015 चाही आहे. तिथे 1,215 तरुण तपासले, आणि आठवड्यातून एकाहून जास्त वेळा ओढणाऱ्यांची शुक्राणूंची घनता 28 टक्क्यांनी कमी निघाली. ‘कधीतरी’ आणि ‘रोज’ यांत फरक असतो, म्हणालात. मग शुक्राणूंवरच गांजातल्या द्रव्याला धरणाऱ्या जागा, म्हणजे रिसेप्टर, असतात, शरीर स्वतःच्या तशाच द्रव्यांनी शुक्राणूंची हालचाल सांभाळत असतं आणि बाहेरून आलेलं त्यात ढवळाढवळ करतं, हे समजावलंत. ते द्रव्य चरबीत मुरतं, रोज ओढणाऱ्याच्या अंगातून निघायला कित्येक आठवडे लागतात, हेही. पुरुष आठवड्यातून एकदा किंवा जास्त ओढत असेल तर गर्भ पडण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला, असा एक अमेरिकन अभ्यास तुम्ही सांगितलात तेव्हा मात्र माझ्या हातांना घाम सुटला.

मी विचारलं, ‘म्हणजे दोन्ही वेळा माझ्यामुळे?’

तुम्ही म्हणालात, ‘ते मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गर्भ पडायला पुष्कळ कारणं असतात. पण हे एक कारण तुमच्या हातात आहे.’

एवढं सरळ वाक्य त्या दोन वर्षांत मला कुणी दिलं नव्हतं.

मग कॅलेंडर ओढून घेऊन तुम्ही बोटाने दिवस मोजलेत. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस, पुढे पिकायला आणखी थोडे. म्हणजे आजचं सॅम्पल म्हणजे तीन महिन्यांपूर्वीचे तुम्ही. आज थांबलात तर नवे तुम्ही मला उन्हाळ्याच्या तोंडावर भेटाल. त्या बोटाने मोजलेल्या दिवसांवरच मी पुढचे महिने काढले. झोप नाही, घामाने उशी ओली, विचित्र स्वप्नं, चिडचिड. पहिला आठवडा सर्वांत वाईट जाईल हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, म्हणून तो गेला. तुम्ही लिहून दिलेला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दोनदा फिरवला, पहाटे तीनला.

‘ताईंना मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं,’ असं तुम्ही म्हणाला होतात. त्याच रविवारी तळजाई टेकडीवर फिरायला गेलो तेव्हा सांगितलं. ही चालायची थांबली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘म्हणजे ती ट्यूबची टेस्ट मी...’ वाक्य तिने पुरं केलं नाही. आजही केलेलं नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडून ते मिळावं अशी अपेक्षाही नाही.

चार महिन्यांनी काउंट 2 कोटी 10 लाख आला. मी तुमच्या पायाच पडणार होतो, तर तुम्ही म्हणालात, हे सगळं गांजा सोडल्यामुळेच झालं असं समजू नका. त्यात मिसळायची ती तंबाखूही सुटली, वजन उतरलं, झोप जागेवर आली, आणि दोन रिपोर्टांत तसाही फरक पडतो. यश स्वतःकडे घ्यायची संधी समोर असताना कुणी इतकं नेमकं बोलतं, हे मी क्वचित पाहिलंय.

ही राहिली त्यानंतरच्या पहिल्या भेटीत आम्ही दोघं समोर होतो. तुम्ही माझा जुना केस पेपर काढलात. सिगारेट, दारू यांच्यापुढे नोंदी होत्या, त्यांच्याखाली एक ओळ कोरीच होती. पेनाचं टोपण काढून तुम्ही आधी हिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि विचारलंत, ‘आता लिहू का?’

मी म्हटलं, लिहा.

पेढे आत्ता आणत नाही, मॅडम. ही म्हणते, बारशालाच. तोवर हे पत्र ठेवून घ्या.

तुमचा एक पेशंट