ड्युरियनच्या झाडांचे घरबसल्या मालक

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मलेशियातील ड्युरियन या काटेरी, उग्र वासाच्या फळाच्या बागांमध्ये गुंतवणूक कशी करावी, याविषयी आपण पानभर लेख छापला आहे. एरवी असले लेख मी वाचून सोडून देतो. परंतु सोमवारी सकाळीच ठाण्याहून पुतण्याचा फोन आला आणि ‘काका, बागेतला माझा हिस्सा तुम्हीच घ्या, मला तिकडे दहा झाडे घ्यायची आहेत’ असे तो म्हणाला, त्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले.

लेखातील तक्ता मोठा देखणा आहे. पाचव्या वर्षी फळ, सातव्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि पुढे पंचवीस वर्षे उत्पन्नाची कमान चढतीच. देवगडात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हापूसची कलमे सांभाळतो, पण असा तक्ता मांडण्याचे धाडस आजवर आमच्यापैकी कोणाला झालेले नाही. कलम एका साली धरते, दुसऱ्या साली पालवी दाखवून मोकळे होते. मोहोर आला तर तुडतुडा, तुडतुड्यातून वाचला तर फुलकिडे आणि त्यातूनही सुपारीएवढी कैरी धरली, तर चार दिवसांच्या ढगाळ हवेने झाडाखाली तिचा सडा पडतो. ड्युरियन काही याहून सोशिक नाही. त्याचे फूल संध्याकाळी उमलते आणि मध्यरात्रीपर्यंत पाकळ्या गाळते. परागीभवनासाठी मुख्यतः वटवाघळांवर विसंबून राहावे लागते. पाणी साचले की मुळे आणि खोड कुजवणारी बुरशी लागते आणि उभे झाड जाते. त्यातून मलेशियात हे फळ झाडावरून उतरवत नाहीत, पिकून आपोआप पडण्याची वाट पाहतात, त्यासाठी झाडाखाली जाळी बांधतात आणि पडलेले फळ दोन-चार दिवसांत खपवावे लागते. त्या जाळीत रात्री किती फळे पडली आणि सकाळी वहीत किती लिहिली गेली, हे ठाण्यातल्या मालकाला कोण कळवणार? स्वतःच्याच बागेतून किती पेट्या परस्पर रस्त्याला लागल्या हे कळावे म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मला या वयात मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, झोपावे लागते.

‘झाडाचे मालक व्हा’ असे लेखाचे शीर्षक आहे. झाड हवेत उभे राहत नसल्यामुळे त्याखालची जमीन कोणाची, हे सांगणे आवश्यक होते. मलेशियात जमीन हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असून परदेशी माणसाला शेतजमीन घ्यायची असल्यास राज्य शासनाची परवानगी लागते. मलय वंशाच्या लोकांसाठी राखून ठेवलेली जमीन तर तिथल्याच मलयेतर नागरिकालाही घेता येत नाही. त्यामुळे आपल्या लेखातील ‘मालक’ बारकाईने पाहिला, तर त्याच्या हाती जमिनीचा कागद नाही, फक्त फळाच्या उत्पन्नात वाटा देण्याचा करार आहे. जमिनीवर हक्क नसेल तर काय होते, हे पहांग राज्यातल्या राउबमध्ये जाऊन पाहावे. मुसांग किंग या ड्युरियनच्या महागड्या जातीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी अनेक वर्षे कसलेली जमीन सरकारच्या लेखी अतिक्रमण ठरली, 2021 मध्ये फळती झाडे तोडण्यात आली आणि 2025 मध्ये पुन्हा करवत चालली. ते लोक तर तिथलेच रहिवासी होते. गंमत अशी की, माझ्या गावात एक गुंठा शेतजमीन घ्यायची म्हटली, तरी कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी असल्याचा पुरावा मागितला जातो. सातबाऱ्यावर नाव असणारा पुतण्या ते नाव काढून टाकणार आणि पहांगच्या डोंगरात बागायतदार म्हणवून घेणार!

हा पुतण्या ज्यांचा मुलगा, त्या माझ्या थोरल्या बंधूंची हकिकत मला येथे सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजनांचे पेव फुटले होते, तेव्हा त्यांनी एस.टी.तून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या फंडातली मोठी रक्कम अशाच एका कंपनीत घातली. बदल्यात जाड कागदाचे, कडेने हिरव्या पानांची वेलबुट्टी असलेले प्रमाणपत्र मिळाले आणि त्यावर त्यांच्या झाडांचे क्रमांक शाईने लिहिलेले होते. बंधूंनी ते चौकटीत बसवून घेतले. पुढे आम्ही दोघे ती झाडे पाहायला गेलो. फाटकाशी मोठा फलक, त्यामागे पत्र्याची शेड आणि शेडच्या मागे गुडघाभर गवतात कुठेकुठे सागाची रोपे. बंधूंनी खिशातून क्रमांकांचा कागद काढून ‘यातली माझी कुठली?’ असे विचारले, तेव्हा तिथल्या माणसाने टेकडीकडे हात करून ‘त्या अंगाला’ एवढेच सांगितले. रोपांवर क्रमांक नव्हतेच. सरकारने 1999 मध्ये अशा सामूहिक गुंतवणूक योजना ‘सेबी’ या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमांखाली आणल्या खऱ्या, पण तोवर कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागले होते आणि आमची पत्रे ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत येत होती. वहिनींनी ते प्रमाणपत्र पुढे अनेक वर्षे भिंतीवरून काढू दिले नाही. पाहुण्यांनी विचारले की त्या ‘आमचे जंगल’ म्हणून दाखवीत.

म्हणून आपल्या लेखकमहाशयांना विचारतो की, ही योजना ‘सेबी’कडे नोंदलेली आहे काय? मलेशियात अशा योजनांसाठी 2016 चा स्वतंत्र कायदा आहे. तिथला नोंदणी क्रमांक तरी कुठे आहे? वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर पैसे गुंतवणुकीसाठी बाहेर पाठवले, तर वरच्या रकमेवर वीस टक्के कर आधी कापून घेतला जातो आणि परदेशातील मालमत्ता विवरणपत्रात दाखवली नाही, तर 2015 च्या काळा पैसा कायद्यानुसार दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. याबद्दल लेखात अवाक्षर नाही. चीन वाटेल तेवढे फळ घेईल, असे मात्र ठामपणे सांगितले आहे. त्या बाजारात थायलंड आधीपासून आहे, व्हिएतनाम 2022 मध्ये आणि फिलिपाइन्स 2023 मध्ये आला आणि मलेशियाच्या ताज्या फळाला तर 2024 मध्ये दार उघडले. आज लावलेली झाडे फळतील, तेव्हा या सर्वांचीच फळतील आणि मग दराचे काय होते, ते आमच्याकडच्या कोणत्याही आंबेवाल्याला विचारावे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत ‘ड्युरियनने लगडलेले झाड’ म्हणून जे छायाचित्र छापले आहे, तो फणस आहे. ड्युरियन फांद्यांना लटकतो. बुंध्याला चिकटलेले, पोत्याएवढे फळ कोकणातल्या शाळकरी पोरालाही ओळखता येते. ज्यांना फळ ओळखता आले नाही, त्यांनी त्याचे पंचवीस वर्षांचे उत्पन्न मोजले आहे. त्याच अंकात आंब्याचा फळपीक विमा ज्याच्या नोंदींवर ठरतो, त्या आमच्या महसूल मंडळातल्या बंद पडलेल्या हवामान केंद्राची बातमी सातव्या पानावर चार ओळींत उरकली आहे, हेही नजरेस आले.

लेखाच्या तळाशी चौकटीत भ्रमणध्वनी क्रमांक दिला असून ‘मर्यादित झाडे शिल्लक’ असे म्हटले आहे. तेव्हा हा लेख होता की जाहिरात, आणि जाहिरात असल्यास तसे ठळकपणे का छापले नाही, याचा खुलासा येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर करावा, ही विनंती. पुतण्याला मी तोपर्यंत थांबायला सांगितले आहे.

आपला,
एक आंबा बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग