शिवाजी पेठेतल्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न.

आमची साडेचार मिनिटांची सराव फिल्म परवा वर्गात दाखवली. शेवटी पडद्यावर 'स्थळ सौजन्य' म्हणून तुमचं नाव आलं आणि मला चुटपुट लागली. तुम्ही नुसती जागा दिली नव्हती, काकू.

गोष्ट एवढीच होती की मुलाच्या फोनची वाट बघत एक बाई सकाळचा चहा दोनदा गरम करते. संवाद एकही नाही, त्यामुळे माझं, म्हणजे आवाजाचं, काम सोपं असेल असं मी धरून चालले होते. तुमच्या स्वयंपाकघरात हेडफोन लावला आणि पंखा, फ्रिजची घरघर, शेजारचा कुकर, गल्लीतला भंगारवाला, सगळं एकदम कानात शिरलं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून शटर १/५० सेकंदावर ठेवलं की ट्यूबलाइटची लुकलुक कॅमेऱ्यात येत नाही. कॅमेरावाल्याची अडचण अशी मिनिटात सुटली. माझी तुम्ही सोडवलीत. ऐन मे महिन्यात पंखा बंद करायला तुम्हीच लावलात, आणि "पोरांचं काम चाललंय, कुकर जरा दमानं लावा की" असं शेजारी सांगूनही आलात.

फ्रिज मी बंद केला होता. अशा वेळी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते, असं सरांनी शिकवलं होतं. मी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हा चौघांना वड्या दिल्यात, आम्ही त्या मिटक्या मारत खाल्ल्या. रात्रभर फ्रिज बंद राहून दूध नासलं होतं आणि तेच साखर घालून तुम्ही आटवलं होतंत, हे जाताना तुमच्या सूनबाईंकडून कळलं. तुम्ही चकार शब्द काढला नव्हतात. काकू, त्याची माफी आज मागते.

आणि ते एक मिनिट. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी गप्प राहून नुसत्या खोलीचा आवाज वेगळा घ्यावा लागतो, त्याला रूम टोन म्हणतात. दोन शॉट जोडताना मागचा आवाज तुटतो, तिथे खालून तो पसरायचा. दमलेली मुलं सामान आवरत होती, मला कुणाला थांबवायचा धीर होत नव्हता. तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "गप्प बसा रे सगळे, तिचं राहिलंय." लहानपणी वडिलांचं बोट धरून जयप्रभा स्टुडिओत शूटिंग बघायला गेला होतात, तेव्हा 'सायलेन्स' म्हटल्यावर श्वाससुद्धा धरून ठेवल्याचं तुम्ही नंतर सांगितलंत. तुमच्या शब्दावर सगळे जिथल्या तिथे थांबले.

संकलनाच्या वेळी दुसऱ्या चहाचा शॉट जोडला जाईना. एका तुकड्यात लांबून रिक्षा होती, दुसऱ्यात नव्हती. रिक्षा काढून टाकली आणि त्या जागी ते मिनिट पसरलं. त्यात तुमच्या मोरीतल्या नळाचा थेंब आहे, दर थोड्या वेळानं पडणारा. वर्गात त्या जागी कुणी हललं नाही.

येत्या रविवारी लॅपटॉप घेऊन येते. फिल्म स्पीकरवर नको, माझ्या हेडफोनवर बघा. थेंब ऐकू येतो का, तेवढं मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तुमची,
हेडफोनवाली