भूप, देसकार आणि क्लोरीन

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू चिडून म्हणालीस, "बाबा, विषाणूचा अख्खा जनुकीय क्रम इंटरनेटवर पडलाय. मग जैविक शस्त्रं रोखायला बंदी घालायची तरी कशावर?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. त्याच रात्री तुझं गाण्याचं रेकॉर्डिंग आलं. भूप म्हणून सुरू केलंस आणि धैवतावर असं ठाण मांडलंस की तिसऱ्या मिनिटाला मला देसकार ऐकू यायला लागला. दोष काढत नाहीये. उलट त्या धैवतामुळेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर सुचलं.

सा, रे, ग, प, ध. दोन्ही रागांत हेच पाच स्वर. नुसती यादी समोर ठेवली तर भूप की देसकार, कोणी सांगू शकणार नाही. गांधाराला मान दिला, पूर्वांगात म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात वावरलीस की भूप. धैवताला वादी म्हणजे मुख्य स्वर केलंस, उत्तरांगात म्हणजे वरच्या अर्ध्यात रमलीस की देसकार. राग स्वरांत नसतो, स्वरांना कसं वागवतो त्यात असतो, हे तू परकर नेसायच्या वयात शिकलीस. रासायनिक शस्त्रांच्या करारात जवळजवळ हेच लिहिलंय, हे कळायला मला मात्र कारखान्याच्या प्रयोगशाळेत अर्धी नोकरी घालवावी लागली.

क्लोरीनच घे. पाणी शुद्ध करायला तो रोज लागतो. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने दीडशे टनांहून जास्त क्लोरीन वाऱ्यावर सोडला. 1899 च्या हेग जाहीरनाम्यात गुदमरवणारे वायू पसरवणाऱ्या तोफगोळ्यांना बंदी होती. त्यांनी गोळे डागलेच नाहीत, सिलिंडरच्या तोट्या उघडल्या. नोटेशन अक्षरशः पाळलं म्हण ना! 1925 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने मग वापरालाच बंदी घातली, रसायनांच्या आणि जंतूंच्याही. पण बनवायला आणि साठवायला मोकळीक राहिली, आणि 'आधी कोणी आमच्यावर वापरलं तर आम्ही बांधील नाही' अशी पुस्ती कित्येक देशांनी जोडली.

1993 ला सह्या झालेला आणि 1997 पासून लागू झालेला रासायनिक शस्त्र करार वेगळा का, तर त्यातली व्याख्या. कुठलंही विषारी रसायन हे शस्त्रच. अपवाद एवढाच की ते मान्य कामासाठी असलं पाहिजे, आणि त्याचा प्रकार व प्रमाण त्या कामाशी जुळलं पाहिजे. याद्या आहेत, पण त्या परिशिष्टात. क्लोरीन त्यातल्या एकाही यादीत नाही. तरी सीरियात तो लोकांवर सोडला गेला तेव्हा शस्त्र ठरला, तो या व्याख्येमुळे.

आमच्या कारखान्यात या कराराचे तपासनीस आले होते ते तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. आम्ही थायोडायग्लायकॉल वापरायचो. ते शाईत आणि रंगकामात चालतं, आणि मस्टर्ड गॅस या कातडी जाळणाऱ्या युद्धातल्या विषापासून एका पायरीवर असतं. अशा कारखान्याला 48 तास आधी कळवतात आणि तपासणी जास्तीत जास्त 96 तास चालते. मला वाटलं होतं, बाटल्या उघडून वास घेतील. त्यांच्यातला एक तर सगळा वेळ आवक-जावकच्या नोंदी आणि वजनाच्या पावत्याच ताडून पाहत बसला. इतकंच का घेता? उरलेलं कुठे जातं? ही पाइपलाइन कुठे जाते? मी मनातून वैतागलो होतो. आज वाटतं, तो गाणंच ऐकत होता. एका सुट्या स्वरावरून काही ठरवत नव्हता, मुक्काम कुठे पडतोय ते बघत होता.

आता तुझा विषाणू. नेल्सन गुडमन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1968 मध्ये एक भेद मांडला. चित्राची नक्कल ही बनावट ठरते, कारण मूळ चित्र एकच असतं. संगीतरचनेची तशी बनावट होत नाही. लिखित स्वरलिपी बरहुकूम वाजवली की ती रचनाच. मूळ हस्तलिखित जळलं तरी रचना मरत नाही. देवीचा रोग 1980 मध्ये संपल्याचं जाहीर झालं आणि विषाणूचे अधिकृत नमुने जगात दोनच ठिकाणी उरले, अमेरिकेत आणि रशियात. तेव्हा विषाणू चित्रासारखा होता, कडीकुलपात ठेवता येणारा. 2002 मध्ये पोलिओचा विषाणू नुसत्या क्रमावरून घडवला गेला. 2018 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी विकत मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून घोड्यांच्या देवीचा विषाणू उभा केल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे चित्राची स्वरलिपी झाली. तुझी भीती खरी आहे, ती मी खोडत नाही.

पण गुडमन रागदारी शिकला असता तर इतका ठाम राहिला नसता. एक स्वर चुकला की ते त्या रचनेचं सादरीकरणच नव्हे, इथपर्यंत तो जातो! भातखंड्यांनी शेकडो बंदिशी नोटेशनमध्ये उतरवल्या. ते वाचून कोणाला गाता येतं? ज्याचा गळा आधीच तयार आहे त्याला. जपानमधल्या ओम शिनरिक्यो या पंथाकडे पैसा होता, शिकलेली माणसं होती. 1993 मध्ये त्यांनी टोकियोतल्या इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू फवारले. जंतू लशीचा निरुपद्रवी वाण निघाला आणि शेजाऱ्यांनी फक्त दुर्गंधीची तक्रार केली. लगेच हुरळून जाऊ नकोस. त्याच लोकांनी 1995 मध्ये भुयारी रेल्वेत सरीन हा मज्जासंस्थेवर घाला घालणारा विषारी वायू सोडला, तोही अशुद्ध, आणि तरी डझनाहून अधिक माणसं गेली. बेसूर गाण्यानेही माणूस मरतो.

तेव्हा बंदी कागदावर नाहीच घालायची. हेतू आणि तालीम यांच्यावर नजर ठेवायची, आणि त्यासाठी ऐकणारे कान लागतात. रसायनांसाठी ते हेगमध्ये आहेत, रासायनिक शस्त्र कराराची तपासणी करणाऱ्या संस्थेत. 193 देश, आणि जाहीर केलेला 72,000 टनांवरचा साठा 2023 पर्यंत नष्ट. जैविक शस्त्रांच्या 1972 च्या करारातही हेतूचीच भाषा आहे, आणि ती सुंदर आहे, पण ऐकायला कोणी नाही. तपासनीस नाहीत, जिनिव्हात मोजक्या माणसांचं एक कार्यालय आहे. 1979 मध्ये स्वेर्दलोव्स्क या सोव्हिएत शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स निसटला, किमान 66 माणसं मेली, आणि सोव्हिएत सरकार दूषित मांसाकडे बोट दाखवत राहिलं. ज्या करारावर त्यांची सही होती तो चार वर्षांपासून लागू होता. खरं बाहेर यायला 1992 उजाडलं. तपासणीचा मसुदा 2001 मध्ये अमेरिकेने नाकारला, वाटाघाटी तिथेच बसल्या.

उरले कोण? डीएनए विकणाऱ्या कंपन्या, ज्यांतल्या काहींनी 2009 मध्ये आपणहून ऑर्डरी तपासायचं ठरवलं. आणि तुमच्यासारखे लोक. तुमच्या प्रयोगशाळेत डीएनएची ऑर्डर कोण देतं? समोरून कधी कोणी विचारलंय का, 'कशासाठी हवंय' म्हणून? ते सविस्तर कळव. आणि तो भूप पुन्हा गाऊन पाठव, गांधारावर जरा जास्त थांबून.

तुझा
बाबा