तीनचाकी एकदाची सुरू झाली, मंडळी आभार!

ही गाडी सुरू करायला मदत केलीत, पण ज्यांची नावं मला अजून धड माहीत नाहीत त्या सगळ्यांना मनापासून थँक्यू. १९८३ ची होंडा एटीसी २००एक्स, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालवायची तीन चाकांची मोटरसायकल, १९२ सीसी, आणली तेव्हा पिस्टन सिलेंडरमध्ये पार चिकटून बसला होता आणि मी हातोडा घेऊन तयारच होतो, तेवढ्यात एकाने दम भरला की हातोडा खाली ठेव, वरून ऑइल सोड आणि आठवडाभर त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. आठव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हलकंच ठोकलं तर कच्च करून सरकला राव! सिलेंडर वाचला.

कार्ब्युरेटरच्या पायलट जेटचं (इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारी बारीक नळी) भोक केसाएवढं, त्यात जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला, तो तांब्याच्या बारीक तारेने कसा काढायचा हे ज्या काकांनी फोनवर तासभर समजावलं त्यांना तर साष्टांग दंडवत. आणि कमी प्रेशरचा गेज (हवा मोजायचं मीटर) देऊन टाकणारा तो भला माणूस, या फुग्यासारख्या टायरना जेमतेम दोन-तीन पीएसआय हवा लागते, साध्या गेजवर काटा हलतच नाही.

एलईडी हेडलाइट आणि उंच हँडल मात्र माझी हौस, त्यावर नाकं मुरडलीत तरी वायरिंग तुम्हीच करून दिलंत.

हो, चालवताना पाय खाली टेकवायचा नाही, मागचं चाक पायावर चढतं, हे सांगणाऱ्या ताईंचे वेगळे आभार. पहिल्याच वळणावर माझा पाय खाली जाणारच होता.