धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर विमान-तपासणी शिबिर घ्यावे

महोदय,

मुंबईत चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाला नोंदणी मिळाली २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. पुढच्या वर्षी त्याची चाचणी आमच्या धुळ्यातच झाली. तेव्हापासून माझ्या भाच्याने ध्यास घेतला आहे.

आमच्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये तो दोन सीटचे विमान बांधतो आहे. पंखाचा सांगाडा तयार आहे, पण वर पत्रा चढवलेला नाही. आतले जोड आणि रिव्हेट एकदा पत्र्याखाली गेले की कोणाला दिसणार? "मामा, जाणकाराने बघितल्याशिवाय मी झाकणार नाही," असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे रास्त आहे. पण बघायचे कोणी? एका कार्यालयात दोनदा खेटे घातले, तर "आधी पूर्ण करा, मग या" एवढेच उत्तर मिळाले. पूर्ण झाल्यावर तपासायला उरेल तरी काय!

विमान उडवण्याचा परवाना वेगळा. खासगी वैमानिकासाठी किमान १७ वर्षे वय, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि ४० तासांचे उड्डाण लागते. त्याबद्दल तक्रार नाही, जिवाशी गाठ आहे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वर्षातून एकदा तरी गोंदूरच्या धावपट्टीवर निरीक्षक पाठवून बांधणी चालू असतानाच विमाने तपासावीत, ही कळकळीची विनंती. खान्देशातल्या लोकप्रतिनिधींनीही यात लक्ष घालावे.

– एक वाचक, देवपूर, धुळे